आई, मला गिनिपिग हवाय!

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला, की घराघरांत एक मागणी हमखास सुरू होते. 'आई, आपण काहीतरी पाळूया ना!' आधी कुत्रा मागून होतो. त्याला आजीचा नकार, घरमालकाचा नकार, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा तर सक्त नकार. मग मांजर. त्याला बाबांचा नकार. आणि मग एका संध्याकाळी लेकरू माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातून धावतच घरी येतं. 'आई, तिथे एक एवढुस्सा आहे! हातात मावतो! भुंकत नाही, कुणाला त्रास देत नाही, खातोसुद्धा थोडंच. आता तरी हो म्हण!'

आणि आई हो म्हणते. कुत्र्यापेक्षा बरं, पिंजऱ्यात राहील, फिरवायला न्यायला नको, असा हिशेब असतो तिचा. पूर्वी मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात गेल्यावरच दिसणारे हे जीव, म्हणजे गिनिपिग, हॅमस्टर, पांढरे उंदीर, आता तालुक्याच्या गावीही सहज मिळतात. लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्याशेजारी एका जाळीत दहा-पंधरा एकावर एक बसलेले असतात. दुकानदार एकाला शेपटीला नाहीतर मानेला धरून उचलतो, पुठ्ठ्याच्या खोक्याला चार भोकं पाडतो, हातावर मूठभर बाजरी ठेवतो, आणि झालं. कुठलं खाणं, किती जागा, किती वर्षं, काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही.

खरं तर मैत्रिणींनो, तिथेच थांबून विचारायला हवं. कारण जीव लहान असला म्हणून त्याची उस्तवार लहान नसते. आणि ती उस्तवार कुणाच्या गळ्यात पडते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आधी घरातल्या मोठ्यांचं बघू. 'उंदीर? आणि घरात? विकत आणून?' असं आजी कपाळाला हात लावून म्हणाली, तर तिला हसू नका. आपल्याकडे उंदराचं नातं मोठं विचित्र आहे. भाद्रपदात तो गणपतीपुढे मोदक घेऊन बसतो, त्याच्या कानात आपण मनातली इच्छा सांगतो. आणि उरलेलं वर्षभर ओट्याखाली त्याच्यासाठी सापळा लावलेला असतो. त्यात आजीच्या पिढीने प्लेगच्या गोष्टी ऐकलेल्या. १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने हाहाकार माजवला. घरात उंदीर मरून पडायला लागले, की माणसं दाराला कुलूप घालून माळावर झोपड्या टाकून राहायची. अगदी १९९४ मध्येसुद्धा बीड जिल्ह्यातल्या मामला गावाचं आणि सुरतेचं नाव प्लेगमुळे देशभर झालं होतं. म्हणजे भीती उगाच आलेली नाही. दुकानातले पांढरे उंदीर किंवा गिनिपिग हे अनेक पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेले. शेतातल्या, गटारातल्या उंदरांशी त्यांचा संबंध आलेला नसेल तर तो धोका त्यांच्यात नसतो, हे आजीला शांतपणे सांगता येतं. पण आजीला न विचारता पिंजरा घरात आणू नका. दुपारी तुम्ही कामावर आणि मुलं शाळेत असताना घरात तीच असते.

कुणाचं घड्याळ कसं?

मुलं प्राणी निवडतात ते दिसण्यावरून. आईने निवडायचा तो त्याच्या घड्याळावरून. हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

हॅमस्टर घ्या. गालफडं फुगवून दाणे साठवणारा, सोनेरी, बटणासारख्या डोळ्यांचा. मुलं त्याच्या प्रेमातच पडतात. त्याची कथाही मजेदार आहे. १९३० मध्ये सीरियातल्या अलेप्पो शहराजवळ प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी जमिनीखालच्या बिळातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एका कुटुंबाचे वंशज मानले जातात. पण हा बिळात राहणारा जीव आहे, एकटा राहणारा आणि रात्री जागणारा. आपली मुलं दुपारी शाळेतून येतात तेव्हा तो गाढ झोपलेला असतो. त्याला उठवून हातात घेतलं की तो चावतो. चावणारच! आपल्याला रात्री दोन वाजता कुणी उठवून मिठी मारली तर आपण काय करू? आणि रात्री सगळं घर झोपलं की हा उठतो, चाकावर धावायला लागतो. एका रात्रीत काही किलोमीटर धावतो तो. दोन खोल्यांच्या घरात त्या चाकाचा आवाज कुणाच्या उशाशी येणार, याचा विचार करा. दोन मोठे सोनेरी हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवले तर भांडून एकमेकांना रक्तबंबाळ करतात, तेव्हा 'सोबतीला एक' हा विचारही इथे चालत नाही. आयुष्य दोन ते तीन वर्षं. कॉलेजात जाणाऱ्या, रात्री अभ्यासाला जागणाऱ्या मुलीला हा सोबती छान. सात वर्षांच्या मुलाला नाही.

पांढरे उंदीर स्वस्त मिळतात, म्हणून आधी तेच घेतले जातात. चपळ, हुशार, बघायला गंमतीचे. पण हातात थांबत नाहीत. लहान मुलाच्या मुठीत एकतर दाबले जातात नाहीतर निसटून कपाटामागे जातात, आणि मग घरात आधीच सापळा किंवा उंदीर मारायचं औषध ठेवलेलं असेल तर पुढचं सांगायला नको. मुलाला तरी काय समजावणार? ओट्याखालच्या काळ्या उंदराला विष आणि टेबलावरच्या पांढऱ्याला दाणे, हे कोडं त्याला मोठं झाल्यावरही सुटत नाही. शिवाय नर उंदराच्या लघवीला उग्र वास येतो. पिंजरा रोज साफ केला तरी लहान घरात तो जाणवतोच. आयुष्य जेमतेम दोन वर्षं. मोठा पांढरा उंदीर, ज्याला इंग्रजीत रॅट म्हणतात, तो मात्र खरोखर बुद्धिमान आणि माणसाळणारा असतो. पण त्याची लांब, केसविरहित शेपूट पाहिल्यावर आपल्याकडच्या किती घरांत त्याला प्रवेश मिळेल, मला शंकाच आहे.

उरतो गिनिपिग. याच्या नावात सगळाच घोटाळा! हा ना गिनी देशातला, ना डुक्कर. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो कोंबड्या-बकऱ्यांसारखा खाण्यासाठी पाळला. पेरू देशात आजही तो खाल्ला जातो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात आला, आणि तिथल्या मुलांचा लाडका झाला. वजन साधारण पाऊण ते सव्वा किलो. शेपूट नाही, हे आपल्याकडे त्याच्या फारच पथ्यावर पडतं. तो दिवसाही जागा असतो, क्वचितच चावतो, माणसाचा आवाज ओळखतो. भाजीच्या पिशवीची कुरकुर ऐकली, की कोथिंबीर आली हे त्याला कळतं आणि शिट्टी मारल्यासारखा ओरडायला लागतो. लहान मुलासाठी या सगळ्यांत निवडायचाच झाला तर माझं मत गिनिपिगलाच. पण हा पाच ते सात वर्षं जगतो. म्हणजे तिसरीतल्या मुलासाठी आणलेला गिनिपिग त्याच्या दहावीच्या वर्षापर्यंत घरात असणार आहे! तेव्हा क्लास, सायकल, मित्र हे सगळं सुरू झालेलं असतं आणि पिंजऱ्याकडे बघायला त्याला वेळ नसतो. हे आजच डोळ्यांपुढे आणा.

जाता जाता दोन गोष्टी. ससा याच कुरतडणाऱ्या मंडळींतला आहे असं पुष्कळांना वाटतं, पण शास्त्राप्रमाणे तो वेगळ्या गणातला. त्याची मागणी आली तर त्याचा विचार वेगळा करायला हवा. आणि खार! कौलं शाकारताना किंवा फांदी तोडताना खारीचं पिल्लू पडतं, आणि मुलं ते ओंजळीत घेऊन येतात. ते पाळायचं नसतं. छोट्या खोक्यात कापूस नव्हे, मऊ फडकं घालून ते झाडाच्या बुंध्याशी, मांजर पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि लांब व्हा. पुष्कळदा आई येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. नाहीच आली तर वन विभागाला कळवा. गाईचं दूध मात्र पाजू नका. आपलं शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तोही खारीच्याच कुळातला. त्याला पिंजऱ्यात ठेवणं तर कायद्याने गुन्हा आहे.

'जोडीच घ्या ताई'

दुकानदार हे वाक्य बोलतोच. आपल्यालाही ते पटतं, कारण जोडी म्हटलं की आपल्या मनात नर-मादीच येतात. गिनिपिगच्या बाबतीत दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. हा कळपात राहणारा जीव, एकटा ठेवला तर खंगतो. दोन हवेतच. पण ते दोन म्हणजे दोन माद्या, किंवा लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर.

नर-मादी आणले तर काय होतं ऐका. गिनिपिगची मादी महिना-सव्वा महिन्याची झाली की गाभण राहू शकते. दोन महिन्यांच्या वर थोडे दिवस गेले की दोन-चार पिल्लं. डोळे उघडे, अंगावर केस, पहिल्या-दुसऱ्या दिवशीच गवत तोंडात घेणारी. इतकी देखणी असतात, की सगळी गल्ली बघायला येते. पण व्यायल्याबरोबर काही तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते, हे कुणाला माहीत नसतं. आणि सात-आठ महिन्यांची होईपर्यंत जी एकदाही व्यायलेली नाही, तिला त्यानंतर पहिलं बाळंतपण जिवावर बेतू शकतं, कारण तोवर तिच्या कंबरेची हाडं सांधली जातात. उंदरांचं तर विचारूच नका. वीस-एकवीस दिवसांत एक वेत, एका वेताला सहा-आठ किंवा जास्तच पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः आईबाप. पहिलं वेत कौतुकाचं, दुसरं शेजाऱ्यांना वाटण्याचं, तिसऱ्याला काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. मग रात्रीच्या अंधारात नदीकाठी, नाहीतर शाळेमागच्या माळावर सोडून येणारे बाबा निघतात. 'मोकळे सोडले' असं मुलांना सांगितलं जातं. पांढराशुभ्र, पळायला न शिकलेला जीव माळावर पहाटेपर्यंतही टिकत नाही. कुत्री, मांजरं, घुबडं वाटच बघत असतात.

म्हणून घेतानाच नर कुठला, मादी कुठली हे जाणत्याकडून तपासून घ्या. दुकानात सगळे एकाच जाळीत असतात. 'पिल्लूच आहे' म्हणून आणलेली मादी आधीच गाभण असू शकते. डोळे चमकदार हवेत, नाक कोरडं, मागची बाजू स्वच्छ. अंगावर टक्कल पडल्यासारखे गोल चट्टे असले तर घेऊ नका, तो नायटा असू शकतो आणि मुलांच्या अंगावर येतो. २०१८ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. 'नोंदणी आहे का हो?' एवढं विचारायला काय हरकत आहे? सोनं घेताना आपण हॉलमार्क विचारतोच की.

एप्रिलमध्ये नको

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मुलांची मागणी येते एप्रिल-मे महिन्यांत, आणि याच महिन्यांत हे जीव सर्वाधिक दगावतात.

गिनिपिग थंड डोंगरातला. अठरा ते चोवीस अंश त्याला मानवतं. तिसाच्या आसपास पारा गेला की त्याचा जीव कासावीस होतो. त्याला घाम येत नाही, धापा टाकूनही शरीर थंड होत नाही. आणि आपल्याकडे अकोला, जळगाव, चंद्रपुरात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो! पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर, बंद गॅलरीत ठेवलेला गिनिपिग एका दुपारीत संपतो. सकाळी उड्या मारत होता आणि चार वाजता आडवा पडला होता, अशा हकिकती तुम्हीही ऐकल्या असतील. लोक म्हणतात, 'नजर लागली.' नजर नाही हो, ऊन लागलं.

घरातली सगळ्यांत गार खोली, जमिनीलगतची जागा, खिडकीला वाळा किंवा ओलं पोतं, पिंजऱ्यात पसरायला गार फरशीचा तुकडा किंवा फुटक्या माठाचं मोठं खापर, कपड्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, आणि पाण्याच्या दोन बाटल्या. एवढं केलं तर विदर्भ-मराठवाड्यातही उन्हाळा निभावतो. कूलरचा झोत थेट अंगावर नको. दुपारी लाइट गेली तर बघायला घरात कुणीतरी हवंच. प्राणी पसरून पडला, तोंडातून लाळ गळतेय, जोरजोरात श्वास चाललाय, असं दिसलं तर लगेच सावलीत आणून साध्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्यात ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. आणि डॉक्टर गाठा.

म्हणून माझं सांगणं, आणायचाच तर दिवाळीनंतर आणा. हवा गार असते, हिरवा चारा भरपूर असतो. आणि दिवाळीला माहेरी, मे महिन्यात गावाला जाताना याला कोण बघणार, हाही प्रश्न आधी सोडवून ठेवता येतो.

खाणं, खोली आणि घाण

गिनिपिगचं मुख्य अन्न गवत. वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. त्याचे दात जन्मभर वाढत असतात. गवत चावून चावूनच ते झिजतात. नुसती बाजरी, बिस्किटं, पोळीचा तुकडा यावर ठेवला तर दात वाढून तोंड मिटेनासं होतं आणि तो उपाशी मरतो. हिरव्या गवतात आपली हरळी, म्हणजे दुर्वाच, त्याला फार आवडते. गणपतीच्या दुर्वा आणि उंदराच्या या चुलत भावाच्या दुर्वा, एकाच परसातून खुडता येतात! मात्र फवारणी झालेल्या बांधावरचं किंवा रस्त्याकडेचं गवत नको. लसूणघास दुभत्या जनावरांना चांगला, पण वाढ झालेल्या गिनिपिगला रोज देऊ नका, त्यातल्या जास्तीच्या चुन्याने त्याला मूतखडे होतात. वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला तो चालतो. कांदा, लसूण, बटाटा बिलकूल नको.

एक गोष्ट माणसात आणि त्याच्यात अगदी सारखी. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, रोज खाण्यातूनच मिळावं लागतं. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेच्या दोन शास्त्रज्ञांनी हे गिनिपिगवरच पाहिलं, आणि स्कर्व्ही हा खाण्यातल्या उणिवेचा आजार आहे हे समजायला त्यातून मोठी मदत झाली. तेव्हा ढोबळ्या मिरचीची फोड, कोथिंबिरीच्या काड्या रोज, आणि अधूनमधून पेरूचा छोटा तुकडा. भाजी निवडताना बाजूला पडणाऱ्या गोष्टींतून यातलं पुष्कळ निघतं. सशाचं तयार खाद्य देऊन भागत नाही, त्यात हे जीवनसत्त्व घातलेलं नसतं.

जागा दोघांना मिळून निदान चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद. दुकानात मिळणारा पोपटाचा पिंजरा तर मुळीच चालणार नाही. तळाला उघडी जाळी नको, पाय सोलवटतात आणि जखमा चिघळतात. खाली वर्तमानपत्र (हेच, वाचून झाल्यावर!) आणि वर जुनं सुती कापड. लाकडाच्या वखारीतला बारीक भुसा फुकट मिळतो, पण त्याची धूळ नाकात जाऊन त्यांना न्यूमोनिया होतो. कापड दिवसाआड बदलायचं, धुवायचं, वाळवायचं. लेंड्या दिवसाला शंभरावर! त्यातल्या काही तो परत खातोही. घाबरू नका, ती त्याची पचनाची रीत आहे.

बघा, लिहिता लिहिता कामाची यादी किती वाढली. आता खरं सांगा, ही कामं कोण करणार? 'मी करीन आई, प्रॉमिस' हे पहिले पंधरा दिवस खरं असतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की सकाळी डबा, वेणी, दप्तर यात पिंजरा कुणाला आठवतो? आणि माझ्या पाहण्यात एक गोष्ट सारखी येते. हट्ट करतो मुलगा, आणि पिंजरा साफ करते त्याची बहीण. फोटो त्याचा, फडकं तिचं. हे आईनेच पहिल्या दिवशी मोडायला हवं. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल तर गवत आणणं, पाणी बदलणं, कागद बदलणं त्याला नक्की जमतं. कापड धुणंही जमतं. त्याला जमत नाही असं आपणच ठरवतो. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती मात्र प्राणी एकटा देऊच नका. ते प्रेमानेच दाबतात. मुलाने जमिनीवर मांडी घालून बसायचं, मांडीवर टॉवेल, एक हात प्राण्याच्या छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. उभ्याने धरला आणि निसटला, तर तेवढ्या उंचीवरून पडूनही कणा मोडतो.

तब्येत, त्याची आणि आपली

प्राण्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियम चपला बाहेर काढण्याइतका पक्का करा. पापे घ्यायचे नाहीत. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवायचा नाही, आणि त्याची भांडी ओट्यावरच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. घरात कुणी गरोदर असेल तर तिने उंदीर, हॅमस्टर यांच्यापासून आणि त्यांच्या पिंजऱ्याच्या घाणीपासून लांबच राहावं. त्यांच्यातल्या एका विषाणूमुळे पोटातल्या बाळाला गंभीर इजा होऊ शकते. मुलाला दमा असेल तर आणण्याआधी डॉक्टरांशी बोला. केसांनी, वाळल्या गवताने, लघवीच्या वासाने धाप वाढू शकते.

आणखी एक, जे शहरातल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. पिंजऱ्याखाली रात्री दाणे पडले, की बाहेरचे उंदीर येतात. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो; कोकणातल्या बायकांना पावसाळ्यात या आजाराचं नाव चांगलंच परिचयाचं आहे. आणि उंदरांच्या मागावर साप येतो. तेव्हा उरलेलं खाद्य रात्री झाकून ठेवा, पिंजऱ्याखालची जमीन झोपण्यापूर्वी झाडून घ्या, आणि जाळी इतकी बारीक हवी की बाहेरचं काही आत शिरणार नाही.

डॉक्टरांचं काय? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या यांचीच गर्दी. तिथले डॉक्टर ज्ञानी असतात, पण गिनिपिग रोज येत नाही. म्हणून प्राणी आणण्याआधीच जाऊन विचारा, 'तुम्ही बघाल का?' आणि एक लक्षात ठेवा. मुलांचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप घरच्या घरी थेंबभरही पाजू नका. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनिपिग आणि हॅमस्टर यांच्या पोटातले उपयोगी जीवाणू मरतात आणि प्राणी दगावतो. गिनिपिगने दिवसभर काही खाल्लं नाही, तर 'उद्या बघू' म्हणू नका. माणसाच्या एका दिवसाच्या उपासासारखा तो नसतो, त्याचं पचन कायमचं बंद पडू शकतं.

आणि एवढं करूनही एक दिवस तो जातो. बहुतेक घरांत मुलाच्या आयुष्यातलं पहिलं मरण हेच असतं. आपल्याला वाटतं, मूल शाळेतून यायच्या आत दुसरा तसाच आणून ठेवावा. किंवा सांगावं, पळून गेला. मुलं रंगावरून, आवाजावरून लगेच ओळखतात. आणि पळून गेला म्हटलं तर महिनाभर दार उघडं ठेवून वाट बघतात. खरं सांगा. रडू द्या. परसात, पारिजातकाच्या किंवा पेरूच्या बुंध्याशी, कुत्र्याने उकरू नये इतका खोल खड्डा करून, फडक्यात गुंडाळून मुलाच्या हातूनच ठेवू द्या. 'माझ्यामुळे मेला का?' हे मूल विचारेल, कदाचित तोंडाने विचारणार नाही. त्याचं उत्तर आपणहून द्या. म्हातारा झाला होता, असेल तर तसं. आजारी होता, असेल तर तसं. आणि खरोखर पाणी द्यायचं राहिलं असेल, तर सगळा भार एकट्या मुलावर टाकू नका. घरात मोठी माणसंही होती.

हे सगळं वाचूनही तुमचा होकार असेल, तर एक युक्ती करून पाहा. आधी पिंजरा आणा, प्राणी नंतर. महिनाभर रिकामा पिंजरा मुलाच्या ताब्यात द्या. रोज सकाळी त्यात मूठभर गवत आणून ठेवायचं, पाणी बदलायचं, संध्याकाळी शिळं गवत शेजारच्या शेळीला घालायचं, कागद बदलायचा. कुणी आठवण करायची नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी काम झालं, त्या दिवशी मुलाने स्वतः खूण करायची. हट्ट म्हणून मागितलेला प्राणी आठव्या-दहाव्या दिवशीच विसरला जातो, आणि पिंजरा जुन्या भांड्यांसाठी उपयोगी पडतो. पण महिन्याच्या अखेरीस तीसच्या तीस खुणा दिसल्या, तर मग मार्गशीर्षातल्या एखाद्या गार सकाळी दोघं मिळून दुकानात जा. आणि घरी आणल्यावर पहिले तीन दिवस त्या दोन जिवांना कुणी उचलायचं नाही, नुसतं बाजूला बसून हळू आवाजात बोलायचं, हे जाण्यापूर्वीच घरात सगळ्यांना सांगून ठेवा. शेजारच्या मुलांनासुद्धा.